ऑनलाइन स्टुडिओत विद्यार्थी गप्प का होतात? दोष मुलांचा की व्हिडिओ कॉलचा?

औंढा नागनाथचं नाव गेल्या काही वर्षांत तंत्रज्ञानाच्या बातम्यांत आलं ते लायगो-इंडियामुळे. हिंगोली जिल्ह्यातल्या याच तालुक्यात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरकसुद्धा या यंत्रणेला टिपता यायला हवा. एवढासा सिग्नल हातून निसटू नये म्हणून हा सगळा आटापिटा.

आता त्याच गावातली दुसरी बाजू बघू. समजा, औंढ्यातल्या एका मुलीला चित्रकला किंवा डिझाइन शिकायचंय. कलाशिक्षणाची जुनी शासकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन शहरांत. त्यातलं सगळ्यात जवळचं संभाजीनगर, तेही सुमारे दोनशे किलोमीटरवर. प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारे बहुतेक चांगले क्लास पुण्या-मुंबईत. मग घरचे म्हणतात, "ऑनलाइन क्लास लाव की!" ती लावते. पहिले दोन आठवडे उत्साह असतो. महिन्याभरात कॅमेरा बंद होतो, मग माइक, आणि शेवटी काढलेली चित्रं ग्रुपवर टाकणंही.

क्लासवाले म्हणतात, पोरगी सिरियस नाही. घरचे म्हणतात, मोबाइलवर टाइमपास करते. ती स्वतः म्हणते, मला जमतच नाही बहुतेक.

या तिघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे मधलं सॉफ्टवेअर. व्हिडिओ कॉल ज्या पद्धतीनं बांधलेला आहे, त्यातूनच स्टुडिओतल्या मुलांच्या मनात ठरावीक भावना तयार होतात. कशा, ते आज एकेक करून समजून घेऊ.

हा विषय आत्ता का?

करोना संपला, वर्ग उघडले, मग हा प्रश्न जुना नाही का झाला? नाही झाला.

आधी तेव्हा काय झालं ते आठवा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळं शिक्षण मोबाइलवर आलं. गणित, विज्ञान, भाषा कशाबशा चालू राहिल्या. चित्रकलेचं काय? कला संचालनालयाची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही शासकीय रेखाकला परीक्षा २०२०-२१ मध्ये झालीच नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. त्या वर्षीच्या दहावीला हे गुण द्यायचे नाहीत, असा निर्णय शासनानं मार्च २०२१ मध्ये घेतला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असा सराव करत बसलेल्या मुलांना यातून काय कळलं असेल? बाकीचे विषय कसेही करून चालवायचे असतात, आपला विषय मात्र थांबवला तरी चालतो.

आता आजची स्थिती. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन कोर्समधून घेता येतात. दुसरीकडे, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पूर्ण पदवी देता येणार नाही अशा विषयांची यूजीसीची यादी आहे आणि तिच्यात वास्तुकला आहे, दृश्यकलाही आहे. म्हणजे हे हातानं शिकायचे विषय आहेत, हे यूजीसीलाही मान्य आहे. पण पदवीच्या आधीचा टप्पा, म्हणजे प्रवेश परीक्षेची तयारी, छोटे कोर्स, पोर्टफोलिओवरचं मार्गदर्शन, हे आज मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन चालतं. छोट्या गावातल्या मुलांसाठी तर तोच पहिला आणि कधी कधी एकमेव दरवाजा. तिथेच मूल हिरमुसलं तर पुढचं कॉलेज कितीही चांगलं असू दे, ते तिथपर्यंत पोचणारच नाही.

स्टुडिओत शिकतात म्हणजे नेमकं काय करतात?

आम्हा इंजिनियर लोकांना वर्ग म्हटलं की फळा, लेक्चर आणि नोट्स आठवतात. लेक्चर ऑनलाइन नेणं सोपं आहे, कारण त्यात माहिती एका दिशेनं जाते. स्टुडिओ वेगळा असतो. तिथे बरंचसं शिकणं 'शिकवणं' सुरू नसताना होतं.

- सर मागे येऊन उभे राहतात, बघतात, "हं" म्हणून पुढे जातात. त्या "हं"वरूनही बरंच कळतं.
- शेजारणीच्या बोर्डवर सहज नजर जाते. तिलाही घागरीचा काठ जमत नाहीये, हे बघून बरं वाटतं.
- सर तिसऱ्याच मुलाला छायाप्रकाश समजावत असतात. ते कानावर पडतं आणि आपल्याच चित्रातली चूक सापडते.
- चुकलेली रेघ खोडरबरनं खोडली की विषय संपला. तिची कुठे नोंद राहत नाही.

अमेरिकन अभ्यासक डॉनल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' हे पुस्तक लिहिलं. त्यात वास्तुकलेच्या स्टुडिओतलं एक संभाषण बारकाईनं उलगडून दाखवलंय. शिक्षक विद्यार्थिनीच्या आराखड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि बोलता बोलता रेघा मारत जातो. नुसतं बोलणं ऐकलं तर अर्धवट कळतं, नुसत्या रेघा पाहिल्या तरी अर्धवटच. दोन्ही एकाच वेळी, एकाच कागदावर झालं की कळतं. स्टुडिओतलं शिकणं असं हात, डोळे, कान आणि सोबत यांवर चालतं.

आता यातलं व्हिडिओ कॉलमधून पलीकडे काय जातं ते पाहू.

कॅमेरा काय टाकून देतो?

थोडं गणित करू. ७२०पी दर्जाचा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेम. एका फ्रेममध्ये १२८० गुणिले ७२०, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले तर कच्चा डेटा होतो सेकंदाला साधारण ६६० मेगाबिट. कॉलमध्ये प्रत्यक्षात दीड मेगाबिट पाठवले जातात असं धरू. म्हणजे चारशे चाळीस भागांतला एक भाग.

उरलेल्या डेटाचं काय होतं? बराचसा भाग पुन्हा पुन्हा तोच असतो. मागची भिंत हलत नाही, मग ती दर वेळी नव्यानं कशाला पाठवायची? इथपर्यंत ठीक आहे. पण काही माहिती खरोखर फेकून दिली जाते. काय फेकायचं हे कोडेक ठरवतो. कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळून छोटा करणारा आणि पलीकडे पुन्हा उलगडणारा प्रोग्रॅम.

रंग. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून बहुतेक कॉलमध्ये चार पिक्सेलच्या चौकोनाला उजेडाचे चार आकडे पाठवतात, पण रंगाच्या आकड्यांची एकच जोडी. चेहरा बघायला हे पुरतं. जलरंगात दोन छटा एकमेकींत कुठे मिसळल्या ते बघायला पुरत नाही.

पोत. औंढ्याच्या मंदिराचं उदाहरण घेऊ. खालचा जुना दगडी भाग हेमाडपंती, भिंतींवर मूर्तींच्या रांगा. दगडाचा रंग जवळपास एकच. मूर्ती उठून दिसतात त्या सावलीच्या हलक्या फरकामुळे, आणि आपण मान थोडी इकडे-तिकडे केली की त्या आणखी उलगडतात. आता याच भिंतीसमोर उभं राहून एखाद्याला व्हिडिओ कॉल लावा. आपण चालू लागलो, चित्र हललं की कोडेकवर ताण येतो आणि आधी बळी जातो तो या बारीक, कमी फरकाच्या तपशिलाचा. पलीकडच्याला दिसते राखाडी, गुळगुळीत भिंत. पेन्सिलच्या शेडिंगचं हेच होतं. कार्ट्रिज पेपरवर तासभर घासून आणलेल्या पाच-सहा छटा पलीकडे दोन-तीनच उरतात.

पांढऱ्याचा अंदाज. फोनचा कॅमेरा समोरच्या उजेडावरून 'पांढरं कुठलं' हे स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्यानुसार सरकवतो. कागदभर पिवळा रंग भरला असेल तर कॅमेऱ्याला वाटतं की दिवाच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा कमी करून टाकतो.

आता सर म्हणतात, "इथे टोन कमी पडतोय, अजून गडद कर." मुलीच्या कागदावर तो टोन आहे. तिला दिसतोय. अशा वेळी तिच्यापुढे दोनच अर्थ असतात. एक, सर नीट बघत नाहीत. दोन, माझ्याच नजरेत काहीतरी गडबड आहे. अठरा वर्षांची मुलगी बहुतेक वेळा दुसरा अर्थ निवडते. ती चांगला टोन आणखी गडद करते आणि चित्र बिघडतं. चित्रकार घडवायचा म्हणजे मुळात त्याचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसा घडवायचा, आणि इथे तर तोच भरवसा कमी होतोय. माझ्या मते ऑनलाइन स्टुडिओतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

उशिरा येणारा आवाज आणि गैरसमज

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? दहा भाषांवर झालेल्या २००९ च्या एका अभ्यासात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. एक पंचमांश सेकंद. कॉलमध्ये आवाज पोचायलाच एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर फारसं जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मानक सांगतं. गावात संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की उशीर याच्या कितीतरी पुढे जातो.

अशा उशिराचा अर्थ आपण कसा लावतो, यावर जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की आवाज उशिरा पोचला की लोक दोष लाइनला देत नाहीत, समोरच्या माणसाला देतात. तो लक्ष देत नाहीये, तुटक वागतोय असं त्यांना वाटतं.

स्टुडिओत हे जास्त टोचतं. मुलीनं चित्र दाखवलं. सर काही क्षण गप्प. ही शांतता नेटवर्कची की नापसंतीची? प्रत्यक्ष वर्गात सरांची नजर चित्रावर फिरताना दिसते, म्हणून शांततेचा अर्थ लागतो. कॉलवर नजर कुठे आहे तेच कळत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं तर स्क्रीनकडे बघावं लागतं आणि कॅमेरा असतो वर, त्यामुळे दोघेही एकमेकांना खाली बघताना दिसतात. रिकाम्या जागेत मग मन सगळ्यात वाईट अर्थ भरतं.

आणि आवाज दाबणारं तंत्र? कॉलची अॅप्स बोलणं सोडून बाकी आवाज काढून टाकतात. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न. ऑफिसच्या मीटिंगसाठी हे उत्तमच. पण त्याच चाळणीतून पेन्सिलचा खरखर आवाज जातो, कागद फाडल्याचा जातो, ब्रश पाण्यात खळबळल्याचाही जातो. वीस जण एकत्र काम करतायत याची जाणीव देणारे हेच आवाज असतात. ते गेले की प्रत्येक जण एका मुक्या खोलीत एकटा बसतो.

लायगोचं उदाहरण सुरुवातीला दिलं ते यासाठी. तिथे नॉइजच्या ढिगाऱ्यातून अतिसूक्ष्म सिग्नल शोधायचा असतो. व्हिडिओ कॉलमध्ये सिग्नल कोणता हे आधीच ठरलेलं आहे: चेहरा आणि बोलणं. बाकी सगळं नॉइज. हे तंत्र मीटिंगसाठी घडलं, त्यात वाईट काही नाही. फक्त स्टुडिओ ज्या गोष्टींवर चालतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी 'नॉइज'च्या खात्यात गेल्या.

स्वतःचा चेहरा, घरची खोली

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सारखा दिसत राहणं, एका जागी अडकून बसणं, आणि हावभाव समजून घ्यायला मेंदूला पडणारे जास्तीचे कष्ट. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना चारही लागू होतात, पण तिसरं कारण जरा जास्तच. चित्र काढताना दर थोड्या वेळानं उठून चार पावलं मागे जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं, ही पहिली शिकवण असते. कॅमेऱ्यापुढे मुलं ते करतच नाहीत. फ्रेमबाहेर गेलं की 'उठून गेली' असं वाटेल ना!

त्यात घर. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. 'असर'च्या २०२० च्या अहवालानुसार शाळकरी मुलं असलेल्या ग्रामीण घरांपैकी ६१.८ टक्क्यांकडे स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. म्हणजे फोन आले, पण घरात एकच फोन, तोही वडिलांचा किंवा भावाचा, ही स्थिती आजही अनेक ठिकाणी आहे. फोन कागदाकडे वळवला की चेहरा दिसत नाही, चेहऱ्याकडे वळवला की कागद दिसत नाही. मागे स्वयंपाकघर, आजीचं खोकणं, येणारे-जाणारे. कॅमेरा सुरू केला की चित्राबरोबर आपलं घरही वर्गासमोर उघडं पडतं. कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी आळशी आहे असं गृहीत धरण्याआधी एवढं आठवायला हवं.

भावना कशा तयार होतात?

राइनहार्ड पेक्रुन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अभ्यासातल्या भावनांबद्दल एक सिद्धांत मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर शिकताना आपल्याला काय वाटतं हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. या गोष्टीचं मला मोल आहे का? आणि ती माझ्या हातात आहे का?

- मोल आहे आणि हातात आहे: मजा येते.
- मोल आहे, पण हातात आहे की नाही याची खात्री नाही: धाकधूक.
- मोल आहे, पण हातात काहीच नाही: हताशपणा.
- मोलच नाही: कंटाळा.

जे बिघडलं त्याचं कारण स्वतःकडे घेतलं तर लाज वाटते, दुसऱ्याकडे टाकलं तर राग येतो.

आता औंढ्याच्या त्या मुलीला इथे बसवून बघा. मोल तर भरपूर आहे, घरच्यांशी वाद घालून तिनं क्लास लावलाय. पण रंग कॅमेऱ्याच्या हातात, आवाज टॉवरच्या हातात, फोन भावाच्या हातात. म्हणजे धाकधूक, आणि हळूहळू हताशपणा. कोडेक काय करतो हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून कारण ती स्वतःकडेच घेते. मग लाज. आणि सतत लाज वाटण्यापेक्षा 'मला कुठे त्यात एवढा इंटरेस्ट आहे' असं म्हणणं सोपं असतं. बाहेरून बघणाऱ्याला तो कंटाळा दिसतो.

क्लासचा उपाय काय, तर मोटिवेशनल भाषण. ते चित्रकलेचं मोल वाढवतं, पण मोल आधीच भरपूर होतं. कमी होता तो ताबा. ताबा न देता मोल वाढवलं तर धाकधूकच वाढणार.

टीका आणि कच्चं मडकं

कलाशिक्षणात सगळ्यात नाजूक क्षण असतो सर्वांसमोर होणाऱ्या टीकेचा. कॉलेजात त्याला क्रिट किंवा ज्युरी म्हणतात. औंढ्याच्या माणसाला याची एक जुनी कथा ठाऊक असते. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. नामदेव दुखावले. शेवटी ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले आणि तिथे त्यांना गुरू भेटला. नामदेवांचं नरसी हे गाव याच जिल्ह्यातलं.

भक्तीचा भाग बाजूला ठेवून यात शिकण्याचा क्रम बघा. चारचौघांत टीका झाली, ती लागली, आणि त्यानंतर एकट्याला, समोरासमोर, सावकाश समजावणारा माणूस मिळाला. कॉलेजच्या स्टुडिओतही हेच घडतं. क्रिटमध्ये धुलाई झाली की कँटीनमध्ये मित्र म्हणतो, "माझीपण झाली रे." जिन्यात सर थांबवून म्हणतात, "रचना चांगली होती, रंग बदल फक्त." टीकेचं औषध वर्गाबाहेर मिळतं. ऑनलाइन क्रिट संपली की 'मीटिंग संपली' अशी पाटी येते आणि मुलगी एकटी त्या काळ्या स्क्रीनसमोर उरते. कँटीन नाही, जिना नाही. शिवाय बरेच क्लास कॉल रेकॉर्ड करतात, म्हणजे खोडरबरनं खोडता आलं असतं ते आता कायमचं जपलं गेलं.

चांगलं काही झालंच नाही का?

झालं की! हाताच्या हालचालीचं प्रात्यक्षिक वर्गात मागे उभ्या राहणाऱ्या मुलाला दिसतच नाही. व्हिडिओत ते सगळ्यांना जवळून दिसतं, थांबवून पुन्हा बघता येतं. प्रत्यक्ष वर्गात तोंड न उघडणारी काही मुलं चॅटमध्ये छान लिहितात. आयआयटी मुंबईची आयडीसी, एनआयडी आणि आयआयटी गुवाहाटी यांनी मिळून उभा केलेला 'डी'सोर्स' हा डिझाइन शिक्षणाचा खजिना घरबसल्या मोफत बघता येतो. आणि ज्या मुलीला घरून शहरात हॉस्टेलवर पाठवणारच नाहीत, तिच्यासाठी ऑनलाइनला पर्यायच नाही. म्हणून 'ऑनलाइन बंद करा' हे उत्तर असू शकत नाही.

मग करायचं काय?

बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत. सगळ्यांमागे विचार एकच: जे सिग्नल गळतात ते दुसऱ्या वाटेनं पोचवा आणि ताबा मुलाच्या हातात द्या.

१. चित्र व्हिडिओवर दाखवू नका, फोटो पाठवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो साधारण १६०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान होतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतला जेमतेम सहावा भाग उरतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जाईल.

२. चित्राशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा. फोटो खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात काढा. पट्टी पिवळट किंवा निळसर दिसली तर शिक्षकाला लगेच कळेल की रंग कॅमेऱ्यानं बदललाय.

३. वर्ग आवाजावर चालवा. तीन तास दीड मेगाबिटनं व्हिडिओ चालवला तर दोन जीबी जातात, दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये बसतच नाहीत. फक्त आवाज ठेवला, सेकंदाला ४० किलोबिट धरले, तर तीन तासांना ५४ एमबी लागतात. वर तीन-तीन एमबीचे दहा फोटो पाठवले तरी एकूण ८४ एमबी. उरलेल्या पॅकमध्ये प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ चांगल्या दर्जात बघता येतो.

४. स्वतःचा चेहरा लपवा. झूम आणि गूगल मीटमध्ये स्वतःची चौकट आपल्यापुरती लपवायची सोय आहे. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी ती दाखवून द्यावी.

५. शांततेला नाव द्या. "मी आता अर्धा मिनिट बघतोय, मग बोलतो." एवढं एक वाक्य शिक्षकानं म्हटलं तरी मधल्या वेळात मुलाच्या मनात भलतेसलते अर्थ येत नाहीत.

६. आधी विचारा, मग सांगा. "तुझ्या कागदावर इथे किती छटा आहेत?" हे आधी विचारायचं. त्यानं नजरेचा निर्णय मुलाकडे राहतो.

७. क्रिटनंतरची दहा मिनिटं राखून ठेवा. सर कॉलमधून बाहेर पडतील, मुलं थांबतील. रेकॉर्डिंग बंद. ही झाली कँटीन.

८. कामाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. गूगलचा जॅमबोर्ड अनेक वर्गांत फळा म्हणून वापरला जात होता. डिसेंबर २०२४ अखेर गूगलनं तो बंद केला. अॅप जातं, तेव्हा मुलांची स्केचेस सोबत जायला नकोत.

शेवटचा मुद्दा: जवळचा माणूस

वरच्या आठही गोष्टी केल्या तरी एक सिग्नल कुठल्याच अॅपमधून जाणार नाही. मागे येऊन उभं राहणारं माणूस. शाडूचा गोळा हातात घेऊन "हा अजून ओला आहे" म्हणणारं माणूस. महाराष्ट्राच्या उपयोजित कलेच्या सीईटीत वस्तुचित्र कागदावरच काढावं लागतं. एनआयडीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या स्टुडिओ टेस्टमध्ये हाताशी दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवावी लागते. परीक्षा हाताची असेल तर तयारीत कधीतरी कोणीतरी तो हात बघायला हवा.

हे माणूस पुण्याहून आणायची गरज नाही. तालुक्याच्या शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणारे कलाशिक्षक असतात. रविवारी दोन तास शाळेचा एक वर्ग उघडा ठेवायचा, चार-पाच मुलांनी आपापले ऑनलाइन क्लासचे बोर्ड घेऊन तिथे यायचं, आणि सरांनी फक्त मागून चक्कर मारायची. महिन्यातून एखादा रविवार मंदिराच्या भिंतीसमोर स्केचिंगला. असली भिंत पुण्यातल्या क्लासला भाड्यानं मिळणार नाही. क्लासवाल्यांनी फीमधला थोडा वाटा या सरांना दिला तर व्यवहारही जमतो. यूजीसीनं दृश्यकलेची पूर्ण पदवी ऑनलाइन द्यायला मनाई केली ती योग्यच आहे, पण पदवीआधीच्या या टप्प्याकडे बघणारी कुठलीच यंत्रणा नाही. ती उभी राहील तेव्हा राहील. रविवारचा वर्ग येत्या रविवारीही सुरू होऊ शकतो.

तोपर्यंत तुमच्या घरात एखादं मूल ऑनलाइन चित्रकला शिकत असेल आणि अचानक गप्प झालं असेल, तर "मन लावून कर" म्हणण्याआधी त्याचा कागद हातात घ्या, उजेडात धरा आणि नीट बघा. स्क्रीनवर न पोचलेलं बरंच काही त्यात असेल. जे दिसेल ते त्याला सांगा.